दर्यावर्दी काकांना उत्तर: खोल समुद्रात पुन्हा पुन्हा जाण्याबद्दल

दर्यावर्दी काका, सप्रेम नमस्कार.

कलॉसल स्क्विड या खोल समुद्रातल्या महाकाय प्राण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती निसटली असेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा. एसी खोलीत पडद्यासमोर बसून समुद्र कळत नाही, तिथे माणसानं स्वतः उतरायला हवं. आरओव्हीच्या, म्हणजे जहाजावरून केबलनं चालवल्या जाणाऱ्या निर्मनुष्य यानाच्या, प्रखर दिव्यांपुढे आणि मोटरींच्या आवाजात दिसतं ते बिथरलेलं जग, खरं नव्हे. आणि परदेशी संस्थांच्या व्हिडिओंवर आपण किती दिवस टाळ्या वाजवायच्या? तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस हे लिहितो आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर आटोपणं मला योग्य वाटलं नाही.

दिव्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ९ मार्च २०२५ रोजी दक्षिण सँडविच बेटांजवळ, ६०० मीटर खोलीवर ‘सुबॅस्टियन’ या आरओव्हीला त्या स्क्विडचं ३० सेंटिमीटरचं पिल्लू दिसलं, तेव्हा ते ‘आपल्या घरात मोकळेपणानं वावरत होतं’ असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मी काढून टाकलं आहे. जिथे सूर्यप्रकाश जवळजवळ पोचतच नाही, तिथे एवढ्या झगझगाटात तो जीव कसा वागला यावरून तो एरवी कसा वागतो हे ठरवता येत नाही. तुमची ही शंका शास्त्रज्ञांनाही छळत आली आहे. समुद्रशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी म्हणूनच लाल दिव्याचा कॅमेरा वापरला. खोल पाण्यातल्या बहुतेक प्राण्यांना लाल रंग दिसत नाही. त्या कॅमेऱ्याला मोटरी नव्हत्या आणि पुढे आमिष म्हणून चमकणाऱ्या जेलीफिशची नक्कल करणारे दिवे होते. २०१२ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ जायंट स्क्विड त्याच कॅमेऱ्यासमोर आला.

पण काका, खोल समुद्रातले सगळेच जीव दिव्याला घाबरून पळणारे नसतात. जायंट लार्व्हेशियन हा बोटभर लांबीचा प्राणी स्वतःभोवती शेंबडासारख्या पदार्थाचं घर विणतो. ते मीटरभर रुंदही असू शकतं, आणि त्यातून पाणी गाळून तो आपलं अन्न मिळवतो. घराच्या जाळ्या तुंबल्या की तो ते सोडतो आणि नवं बांधतो. टाकलेलं घर त्यात अडकलेल्या कार्बनसकट तळाकडे बुडतं. जाळ्यानं पकडायला जावं तर हाती फक्त चिकट लगदा येतो. पृष्ठभागावरून तळाकडे किती कार्बन जातो या हिशेबात ही घरं नीट धरलीच गेली नव्हती. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे बे संशोधन संस्थेतल्या लोकांनी आरओव्ही त्यांच्याजवळ स्थिर धरली, ती घरं मोजली, अलगद पकडली, लेझरच्या पातळ पट्ट्यानं आतून पाहिली, तेव्हा कुठे तो हिशेब पुढे सरकला.

आता तुमचा पहिला मुद्दा: माणूस उतरलाच पाहिजे. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. का, ते त्याच संस्थेच्या एका ऑक्टोपसच्या गोष्टीतून सांगतो.

माँटेरेच्या पाण्याखालच्या घळईत, साधारण १,४०० मीटरवर, एक कडा आहे. एप्रिल २००७ मध्ये आरओव्ही तिथे गेली तेव्हा कड्यावर कुणीच नव्हतं. मे महिन्यात पुन्हा गेली, तर एक मादी अंड्यांना कवटाळून बसलेली. अंगावरच्या जुन्या व्रणांमुळे ती नेमकी ओळखता येत होती. त्यानंतर दर काही महिन्यांनी तिच्याकडे फेरी होऊ लागली. पाणी जेमतेम तीन अंश. ती कधीही जागेवरून हललेली दिसली नाही आणि कधी काही खातानाही दिसली नाही. खेकडे, कोळंब्या शेजारून जात, ती त्यांच्याकडे लक्ष देत नसे, फार जवळ आले तर बाजूला सारी. आरओव्हीच्या यांत्रिक हातानं खेकड्याचे तुकडे पुढे केले, तेही तिनं घेतले नाहीत. वर्षं सरत गेली तशी ती फिकट होत गेली, डोळे धूसर झाले, कातडी लोंबायला लागली. सप्टेंबर २०११ मध्ये ती शेवटची दिसली. ऑक्टोबरात कडा रिकामा होता, खडकाला चिकटलेली अंड्यांची फाटकी कवचं तेवढी उरली होती. ५३ महिने. कुठल्याही प्राण्यानं अंडी इतका काळ सांभाळल्याची दुसरी नोंद नाही.

हे कळायला १८ फेऱ्या लागल्या. माणसांना घेऊन जाणारी पाणबुडी एका कड्यासाठी अठरा वेळा कोण पाठवणार? तिचे दिवस मोजके, त्यासाठी शास्त्रज्ञांची रांग, आत जागा दोघातिघांची, आणि संध्याकाळी वर यावंच लागतं. आरओव्हीला वीज केबलमधून मिळते, चित्रं फायबरमधून वर येतात, आणि खाली कुणाचा श्वास मोजावा लागत नाही. तुम्ही ज्या एसी खोलीला नावं ठेवलीत, तिथे पायलट, भूगर्भशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ एकाच पडद्याकडे बघत असतात. एखाद्याला संशय आला की पायलट तिथेच थांबतो. समुद्र समजणं माझ्या लेखी बहुतेक वेळा त्या थांबण्यातच आहे.

माणूस उतरल्यानं काय मिळतं हे मी नाकारत नाही. १९७७ च्या फेब्रुवारीत गालापागोसजवळ ‘अल्विन’ या पाणबुडीतून उतरलेल्यांनी अडीच हजार मीटरवर गरम झऱ्यांभोवतीची जीवसृष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि जीवशास्त्राची पुस्तकं बदलली. पण कुठे उतरायचं हे त्यांना कुणी सांगितलं? आदल्या रात्री तळावरून ओढत नेलेल्या ‘अँगस’ नावाच्या निर्मनुष्य कॅमेऱ्यानं. त्याच्या तापमापकानं क्षणभर उडी घेतली, आणि सुमारे ३,००० फोटोंपैकी अवघ्या १३ मध्ये शिंपले दिसले.

आणखी एक. १० मे २०१४ रोजी न्यूझीलंडच्या ईशान्येला, कर्माडेक गर्तेत ९,९०० मीटरवर ‘नेरियस’ हे निर्मनुष्य यान नष्ट झालं. पाच वर्षांपूर्वी पृथ्वीच्या सर्वांत खोल गर्तेत जाऊन आलेलं यान होतं ते. त्याचे तुकडे पाण्यावर तरंगत आले तेव्हा जहाजावरच्या लोकांना फार वाईट वाटलं असणार, मलाही बातमी वाचून वाटलं. पण त्या संध्याकाळी कुणाच्याही घरी फोन करावा लागला नाही. इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला याचा अर्थ मी सांगायला नको.

टाळ्यांबद्दल. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेची ‘रोसब ६०००’ ही आरओव्ही २०१० मध्येच मध्य हिंदी महासागरात ५,२८९ मीटरपर्यंत गेली आहे. तळावरच्या ज्या धातूगोट्यांसाठी ही सगळी धडपड आहे, त्यांतले आपले पहिले नमुने १९८१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं ‘गवेषणी’ जहाजावरून वर आणले. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नई आणि वास्कोच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात साडेचार हजार मीटरवर जिवंत गरम झऱ्याची चित्रं घेतली, तीही निर्मनुष्य यानानं, आणि त्या यानाला तर केबलही नव्हती. तिघांना सहा हजार मीटरवर नेणारी ‘मत्स्य ६०००’ तयार होते आहे, ती उतरेल त्या दिवशी मीही तुमच्याइतकाच जागा असेन. माझी मागणी एवढीच की तिच्याबरोबर आपल्या आरओव्हींना जहाजाचे भरपूर दिवस मिळावेत, म्हणजे अरबी समुद्रातल्या एखाद्या कड्यावर आपणही अठरा वेळा जाऊ.

शेवटी एक विनंती. चार किलोमीटर केबल खाली सोडलेली असताना लाटांवर डोलणारं जहाज एका जागी धरून ठेवणं ही खरी कसोटी, आणि मी ती फक्त वाचून जाणतो. तुम्ही ते यंत्रांच्या बाजूनं पाहिलंय. थ्रस्टर, जनरेटर, रात्रपाळीतल्या अडचणी, जे आठवेल ते लिहून पाठवाल का? तुमच्या नावानं, एका अक्षराचीही काटछाट न करता इथे छापेन.