अंधार बघायला जाताना टॉर्च विसरू नका

वळवाचा पहिला पाऊस मातीत मुरायच्या आत फोनवर भंडारदऱ्याच्या काजव्यांचे फोटो येऊन आदळतात. झाडच्या झाड सोन्यानं मढवलेलं आणि खाली ‘शेवटच्या काही जागा शिल्लक’. तुम्ही जाणार हे उघडच आहे, कारण शेजारचे गेल्या वर्षी जाऊन आलेत. तेव्हा जावं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. कसं जावं, एवढंच बोलू.

आधी जागा समजून घ्या. भंडारदऱ्याच्या भोवतीचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. १९८६ साली ते जाहीर झालं आणि साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून जास्त पसरलं आहे. राज्यातलं सर्वांत उंच शिखर त्यात येतं. रतनगड, हरिश्चंद्रगड आणि सांदण दरीही त्यातच. एवढ्या मोठ्या मुलखात डोंगर, झाडी, काळोख, शांतता असल्या गोष्टी अवचित समोर येण्याची भीती फार. त्यांच्या तावडीत न सापडता रविवारी रात्री घरी कसं पोचायचं, त्यासाठी हे चार शब्द.

निघायचं ते शनिवारीच. मंगळवारी-बुधवारी रस्ता मोकळा असतो, गावात ओळखीचं कुणी भेटत नाही, काजवे मात्र तितकेच असतात. मग त्या जाण्यात मजा ती काय? शनिवारी घोटी फाट्यापासूनच आपली माणसं लागतात. शेंडी गावाच्या अलीकडे रांग थांबली की गाडीतून उतरा आणि पुढे काय झालंय ते बघायला चालत जा. पुढे काहीच झालेलं नसतं. पुढचा गाडीवालाही उतरून पुढे काय झालंय ते बघायला गेलेला असतो.

आता काजवे. हा किडा वर्षातला बहुतेक काळ अळीच्या रूपात ओल्या मातीत, पाचोळ्याखाली गोगलगायी खात काढतो. पंख फुटल्यावर हातात उरतात दोन-तीन आठवडे. तेवढ्यात लग्न जमवायचं, अंडी घालायची आणि मरायचं. नर चमकतो ते मादीला ‘मी इथे आहे’ म्हणून कळवायला. पसंत असेल तर मादी उलट चमकून उत्तर देते. हा सगळा कारभार चालतो अंधाराच्या भरवशावर. एकमेकांचा मिणमिणता उजेड दिसला नाही तर स्थळ जुळत नाही.

म्हणून तुम्ही काय करायचं, तर गाडीचे मोठे दिवे चालू ठेवायचे. इतक्या काळोखात काजवे दिसणार कसे? हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा ज्या झाडावर ते दाटीनं बसतात, ते झाड गावातल्या पोराला विचारून घ्या आणि गाडी थेट त्याच्या बुंध्याशी, पाचोळ्यावर उभी करा. पुढच्या वर्षीचे काजवे त्याच मातीत व्हायचे असतात खरे, पण पुढच्या वर्षी तुम्ही स्पितीला जाणार आहात.

दिव्यांच्या झोतात झाड नुसतं हिरवं दिसेल. त्यावर मोबाइलचा फ्लॅश मारा. फोटोत चार पानं आणि एका अनोळखी काकांची टोपी येईल. मग चिडा, कारण जाहिरातीतलं झाड पेटलेलं होतं. तो फोटो कॅमेरा तिवईवर ठेवून, तासन्‌तास टिपलेल्या चित्रांचे थर एकावर एक चढवून केलेला असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी पैसे भरलेत म्हटल्यावर काजव्यांनीही थोडी मेहनत घ्यायला हवी. वाट दाखवणारा मुलगा हळूच म्हणेल, “दादा, लाइट बंद करा ना, मग दिसतील.” त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तो इथलाच असल्यामुळे त्याला पर्यटनातलं काही कळत नाही.

लहान मूल बरोबर असेल तर पाण्याची रिकामी बाटली जवळ ठेवा. तीत आठ-दहा काजवे भरून द्या. निसर्गाची आवड लहानपणीच लागलेली बरी. सकाळपर्यंत ते विझतात, पण तोवर मूलही झोपलेलं असतं.

रात्रीची सोय गावातल्या घरी केली असेल तर भाकरी, पिठलं, ठेचा असं काहीतरी पुढे येईल. तुम्ही शांतपणे पनीर आहे का ते विचारा. नाही म्हटल्यावर “मावशी, मग जरा कमी करा ना” म्हणून दोनशेच्या थाळीवर घासाघीस करा. सकाळी अंघोळीला दोन बादल्या गरम पाणी मागा. मे महिन्यात इथल्या कित्येक वाड्यांवर बायका हंडे घेऊन आटलेल्या विहिरीवर जातात. हा राज्यातला धो-धो पावसाचा मुलूख, शेजारचं घाटघर तर त्यासाठी नावाजलेलं. समोर भंडारदऱ्याचा जलाशय पसरलेला. इंग्रजांनी १९२६ साली पुरं केलेलं ते विल्सन धरण प्रवरेचं पाणी अडवतं आणि कालव्यांनी खालच्या तालुक्यांतल्या उसाला पाजतं. वरच्या वाडीला मात्र ते बघता येतं. तुम्हीही बघा. बाल्कनीतून ‘लेक व्ह्यू’ छान येतो आणि त्याचे पैसे वेगळे घेतलेले असतात. पाणी गार लागलं तर तिसरी बादली मागायला लाजू नका.

दुसऱ्या दिवशी कळसूबाई. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. वाट बारी गावातून. पायऱ्या आहेत, कड्याच्या जागी लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे आपण डोंगर चढतोय असं फारसं वाटायचं कारण नाही. तरी उरलासुरला संशय फेडायला स्पीकर सोबत घ्या. पाठीवरच्या पिशवीला बाहेरून अडकवायचा, म्हणजे मागच्या दोनशे लोकांनाही लाभ होतो. पक्षी गप्प झाले की आवाज पोचला असं समजा. कुणी ज्येष्ठ गृहस्थ “अहो, जरा बंद करता का?” म्हणालेच तर आपण महाराजांचा जयजयकार सुरू करावा. कळसूबाई किल्ला नाही, पण घोषणा सुरू असताना हे सांगायची कुणाची छाती होत नाही.

शिडीवर एका वेळी मोजकीच माणसं मावतात. तुम्ही मधोमध थांबायचं, मान वळवायची आणि खालच्या मित्राला म्हणायचं, “व्हिडिओ चालू कर.” तो चालू करेपर्यंत, मग पुन्हा घेईपर्यंत, मग केस नीट करून तिसऱ्यांदा घेईपर्यंत वरचे वर आणि खालचे खाली असे सगळे लोखंडाला धरून उभे राहतील. पावसाची सर आली तर फारच उत्तम, पार्श्वभूमी मिळते. पायात पांढरे स्नीकर्स असू द्या. ओल्या कातळावर ते घसरतात, पण व्हिडिओत उठून दिसतात.

आता कचऱ्याकडे वळू, कारण इथे एक गोष्ट सांगावी लागेल. कळसू नावाची मुलगी म्हणे एका घरी कामाला राहिली ती अट घालून. पडेल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस सुखात गेले. एकदा घरी पाहुणे लोटले आणि मालकानं तिला नेमकी तीच दोन कामं सांगितली. तिनं ती केली आणि जी डोंगर चढून गेली ती परत काही आली नाही. भांडी घासली ती थाळेमेळ नावाची जागा वाटेवर अजून दाखवतात. वर तिचं छोटं देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते.

म्हणजे पाहुण्यांच्या खरकट्याला विटून ही बाई महाराष्ट्रात याहून वर जाताच येणार नाही अशा जागी जाऊन बसली. आणि पाहुणे खरकटं घेऊन तिथेही पोचलेच! मॅगीच्या वाट्या, सरबताचे प्लास्टिकचे ग्लास, वेफर्सची पाकिटं, घाटात विकत घेतलेला आणि दोन सरींत फाटलेला रेनकोट. तुम्हीही हात आखडता घेऊ नका. भरलेली बाटली वर नेताना तिचं वजन वाटत नाही, रिकामी खाली आणताना मात्र फार होतं. केर कोण काढतं असा प्रश्न मनात येऊ देऊ नका. गावातली पोरं आणि कुठले कुठले गिर्यारोहक क्लब रविवार सत्कारणी लावून गोणी भरभरून खाली आणतात. तुम्ही टाकलंच नाही, तर त्या बिचाऱ्यांनी रविवारी करायचं काय?

शिखरावर पोचल्यावर जुलै असेल तर ढगाशिवाय काही दिसणार नाही. “अरे, व्ह्यूच नाही!” असं मोठ्यानं म्हणा आणि दहा मिनिटांत उतरायला लागा. ढग बाजूला सरकायला कधी अर्धा तास लागतो, कधी दोन. मग अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांच्या भिंती आणि पलीकडचा जलाशय एकदम उघडा पडतो. तेवढा वेळ नुसतं बसून राहायचं म्हणजे कठीणच. फोनला रेंजही धड नसते.

सांदणबद्दल थोडक्यात. साम्रद गावाजवळची ही अरुंद घळ आहे, दोन्हीकडे सरळ उभे कातळ, आणि आजूबाजूच्या उतारांवरचं पावसाचं पाणी हिच्यातूनच वाहून जातं. त्यामुळे पावसाळ्यात “आत जाऊ नका” असं गावकरी सांगतात. ते सांगत असताना त्यांचाच व्हिडिओ काढा.

हरिश्चंद्रगडाला पाचनईहून जा किंवा खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे. धुक्यात ही दुसरी वाट भल्याभल्यांना चकवते, म्हणून गावातला वाटाड्या घ्यावा असं जुने लोक म्हणतात. तुमच्याकडे फोनमध्ये नकाशा आहे. फोनमध्ये चार्जिंगही आहे, निदान सकाळी तरी होतं.

गडावर हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाच्या परिसरात चांगदेवांचा उल्लेख असलेले शिलालेख आहेत. इतक्या शतकांपूर्वीच्या माणसांनी दगडावर कोरलेलं चालतं, तर तुमचं आणि ‘पी’चं नाव का चालू नये? त्यांनी छिन्नीनं अक्षर घोटवून कोरलं, तुम्ही वीट घासून लिहिताय, एवढाच काय तो फरक. केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती गार पाणी असतं. चार खांबांपैकी आता एकच शाबूत आहे आणि तो पडला की कलियुग संपेल असं लोक मानतात. त्या खांबाला मिठी मारून फोटो काढायची पद्धत पडली आहे. जरा जोरात मारा. कुणीतरी सुरुवात करायला हवी.

याच गडाच्या कोकणकड्यावर मात्र मला तुमची काळजी वाटते. पावसाळ्यात कोकणातून वर चढणारा वारा या आत वळलेल्या कड्याला असा आदळतो की खाली भिरकावलेली हलकी वस्तू उलट वर येते. चिप्सचं पाकीट टाकलंत तर तेच तुमच्या तोंडावर येऊन चिकटेल. टाकणाऱ्याचा माल टाकणाऱ्याला परत करण्याची ही व्यवस्था गावोगावच्या नगरपालिकांना अजून जमलेली नाही.

याच कड्यावर १८३५ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इंद्रवज्र दिसल्याची नोंद आहे. ऊन पाठीशी आणि ढग समोर खाली असले की ढगावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या बरोबर मध्यभागी आपली स्वतःची सावली. विचार करा, निसर्गानं खास तुमच्यासाठी, तुम्हालाच केंद्रस्थानी ठेवून केलेली एवढी एकच गोष्ट आहे. पण त्यासाठी ऊन, ढग आणि वेळ जुळून यावे लागतात, आणि कड्याच्या काठापासून मागे, गप्प थांबावं लागतं. तेव्हा राहू द्या. काठावर पाय सोडून बसलेला फोटो लगेच मिळतो.

आणि पडायचंच ठरलं असेल तर रविवारी संध्याकाळी, अंधारून आल्यावर, पाऊस लागलेला असताना पडा. खालच्या वाडीतली माणसं चूल सोडून दोर घेऊन निघतील. नाशिक, पुण्याकडचे स्वयंसेवक गिर्यारोहक दुसऱ्या दिवशीची रजा टाकून स्वतःच्या पेट्रोलनं येतील आणि रात्रभर स्ट्रेचर खांद्यावर घेऊन चिखलातून उतरतील. या कामाचा त्यांना पगार नसतो. पहाटे पायथ्याशी पोचलात की त्यांना आधी विचारा, “वर माझी बॅग राहिली, ती कुणी आणली का?”

घरी आल्यावर पोस्ट लिहायची. पण आता कळसूबाई, हरिश्चंद्र सगळ्यांचंच करून झालंय, त्याला पूर्वीसारखे लाइक येत नाहीत. म्हणून परतताना चहाच्या टपरीवर एखाद्या म्हाताऱ्या बाबांना गाठा आणि विचारा, “बाबा, अजून कुणालाच माहीत नाही असं काही आहे का हो इकडे?” बाबा भोळेपणानं ओढ्याच्या वरच्या अंगाचा एखादा धबधबा सांगतील. तिथे त्यांची गुरं पाणी पितात. तेवढा एकच फोटो टाका, वर ‘गर्दीपासून दूर, कुणालाच ठाऊक नसलेलं’ असं लिहा, आणि खाली लोकेशनची पिन नीट जोडा. वाट अरुंद आहे, पार्किंगला जागा नाही, तेव्हा शनिवारी सहालाच निघायला सांगा. आठनंतर गाडी वळवता येणार नाही.