‘महापुरानं नदी धुतली, मासे परत आणले’ : या मेसेजमध्ये खरं किती?

कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की दोन गोष्टी हमखास वाहत येतात. एक जलपर्णी आणि दुसरा एक मेसेज. मजकूर दरवर्षी थोडाफार बदलतो, सार तेच असतं. महापूर म्हणजे नदीला वरदान. वर्षभराची घाण चार दिवसांत धुऊन निघते. पुराबरोबर मासे परत येतात आणि पूर जितका मोठा तितके मासे जास्त. तेव्हा प्रदूषणाची ओरड पुरे, चढणीचे (म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) मासे मारा, काही फरक पडत नाही, निसर्गानं फुकट दिलेत. सोबत एखादा व्हिडिओ असतो, गुडघाभर पाण्यात उसाच्या सरीतून मासे उचलून पोत्यात भरणाऱ्या पोरांचा.

गळ टाकणाऱ्या आमच्यासारख्यांतही हा मेसेज हौसेनं पुढे ढकलला जातो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘पुरानं घाण धुऊन नेली’

नेली, पण कुठं? पंचगंगा प्रयाग चिखलीला सुरू होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. मधे कोल्हापूर आणि इचलकरंजीचं सांडपाणी, कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांचं रंगीत पाणी, साखर कारखान्यांची मळी. पूर हे सगळं उचलतो आणि पुढच्या गावाला देतो. पाणी जिथं पसरून संथ होतं तिथं गाळ बसतो, म्हणजे शिरोळकडच्या रानांत, विहिरींत, घरांच्या उंबऱ्यांवर. उरलेला कृष्णेतून खाली जातो. कोल्हापूरच्या पुलावरून पाहणाऱ्याला नदी स्वच्छ दिसते, कारण त्याच्या समोरची घाण आता दुसऱ्याच्या दारात आहे.

शिवाय धुणं एकदाचं आणि ओतणं रोजचं. पावसाळा संपला की कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसतात, पाणी तुंबतं, नाले चालूच असतात. 2019 ला राजारामजवळ पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं, 2021 ला 56 च्या. सांगलीत आयर्विन पुलाखाली 2019 ला 57 फुटांच्या वर. यापेक्षा मोठी धुलाई कुठली हवी? तरी मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकलीला कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला.

मेसेज लिहिणाऱ्यानं जूनची नदी पाहिलेली नसते, असं मला नेहमी वाटतं. उन्हाळाभर बंधाऱ्यामागं जे साठलं ते पहिल्या जोरदार पावसात ढवळलं जातं. त्याच सुमारास बरगे निघतात आणि तळाचं काळं, कुजकं पाणी एकदम पुढं सरकतं. त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. पहाटे काठावर उभं राहिलं तर मासे वर येऊन तोंडं उघडमिट करताना दिसतात आणि उजाडेपर्यंत पांढरी पोटं वर. तेरवाड बंधाऱ्याच्या आसपासच्या लोकांना हे नवीन नाही. पावसाचं पहिलं पाणी इथं मासे मारतं. जुलै-ऑगस्टचा पूर येतो तेव्हा मरायचे ते बरेचसे मरून गेलेले असतात.

‘पुराबरोबर मासे परत येतात’

या मुद्द्यात खरं आहे, आणि ते आधी मान्य करायला हवं. रोहू, कटला, मृगळ या माशांना अंडी घालायला चढतं पाणी लागतं. नवं गढूळ पाणी काठ सोडून गवतात शिरलं की त्यांच्या जोड्या त्या उथळ पाण्यात येतात. तळ्यात पोटभर खायला घाला, मादी गाभोळीनं (पोटातल्या अंड्यांनी) फुगेल पण अंडी टाकणार नाही. म्हणून तर 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी ओडिशात अंगुलला माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी मिळवली, तेव्हा मत्स्यशेतीचं चित्रच पालटलं. देशात 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळंच. पूर म्हणजे माशांना अंडी घालायचा सांगावा, एवढं शंभर टक्के खरं.

अजून एक. एरवी बंधारे माशांची वाट अडवतात. पुरात ते पाण्याखाली बुडतात आणि खालचा मासा वर जाऊ शकतो. वर्षातले तेवढेच दिवस नदी माशांसाठी सलग असते.

आता व्हिडिओतले मासे नीट बघा. चिलापी, कटला, रोहू, मधेच मिशाळ मांगूर. चिलापी मूळची आफ्रिकेची. कटला-रोहू गंगेच्या खोऱ्यातले, आपल्याकडं बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडून वाढवलेले. उसात उड्या मारणाऱ्या या माशांतले पुष्कळसे नदीत ‘परत’ आलेलेच नसतात. काठावरची शेततळी आणि गावतलाव पुराखाली गेले, बांध फुटले आणि कुणीतरी कर्ज काढून सोडलेलं मत्स्यबीज वाहत बाहेर आलं. पोत्यात भरलं जातंय ते त्या तळेवाल्याचं नुकसान आहे.

मांगूरचं प्रकरण जास्त वाईट. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात 2000 सालापासून बंदी आहे, तरी चोरून पाळतात. तो हवेतून श्वास घेतो, त्यामुळं सडक्या पाण्यात बाकी सगळे मेले तरी तो राहतो, आणि दिसेल ते खातो. पुरात असं एक तळं फुटलं की ती जात नदीत पसरते, आणि नदीतून तिला वेचून काढायची सोय कुणाकडंच नाही. मरळ, वाम, शिंगाळा हे नदीचे मूळचे मासे पुरानंतर किती दिसतात हे कुणी सांगतच नाही. पोतं भरलं की माशांची जात विचारायची गरज उरत नाही.

‘पूर जितका मोठा तितके मासे जास्त’

इथं मात्र मेसेज सरळ चुकतो. माशाला पुराची उंची नको असते, चढण आणि उतरण हळू हवी असते. कटला-रोहूची अंडी दिवसाच्या आत फुटतात, पण त्यातून निघालेल्या जिऱ्याला, म्हणजे अगदी बारक्या पिल्लाला, धड पोहायला येईपर्यंत आणखी काही दिवस जातात. त्यानंतरही त्याला काठाच्या उथळ, उबदार पाण्यात काही आठवडे काढायला मिळाले तरच बोटुकली तयार होते. पूर्वी पाऊस चढला की नदी चढायची, ओसरला की सावकाश उतरायची. आता पावसाच्या जोडीला धरणांचे दरवाजे असतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. धरणाच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे, पण खालच्या गवतात अंडी टाकलेल्या माशाच्या हिशेबात ते बसत नाही. पाणी झटकन उतरलं की अंडी, जिरे, मोठे मासे सगळे खड्ड्याखड्ड्यांत अडकतात.

आणि पाणी उतरलंच नाही तर? 2019 ला शिरोळ, करवीर, मिरज, पलूसच्या रानांत ते दिवसचे दिवस उभं होतं. ऊस शेंड्याच्या पोंग्यात पाणी जाऊन कुजला. चिखलाला आंबूस वास, पाण्यावर काळपट तवंग. कुजणारं पीक पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. त्या रानातून नदीत परतणारं पाणी माशांसाठी नाल्याच्या पाण्याइतकंच वाईट असतं.

मोठ्या पुरानंही काही मासे वाढत नाहीत ते वाळूमुळं, तेही एका वाक्यात सांगतो. ज्या माशांना वाळू-गोट्यांचा तळ लागतो त्यांचा तळ यारी आणि बोटी लावून उपसला गेलाय, आणि पुरानं बसलेला मऊ गाळ त्याची जागा घेत नाही.

‘चढणीचे मासे मारल्यानं काही फरक पडत नाही’

कोकणातली वलगण असो की आपल्याकडची चढण, मासे मारायचा हा जुना रिवाज आहे आणि त्यातली मजा मलाही कळते. पण जुन्या माणसांकडं बांबूचा सापळा होता, एक ओहोळ होता आणि घरापुरती पाटी भरायची होती. आज बंधाऱ्याच्या तोंडावर दोन्ही काठ धरून जाळं लागतं, काही ठिकाणी मच्छरदाणीचं कापड. बॅटरीच्या करंटचीही उदाहरणं आहेत. विष आणि स्फोटकांनी मासे मारायला मत्स्यव्यवसाय कायद्यानं मनाई आहे, हे ठाऊक असलेली माणसंही पुराच्या गडबडीत काठावर कोण बघतंय म्हणून मोकळी असतात.

फरक किती पडतो ते हिशेबानं बघू. रोहूच्या मादीच्या पोटात किलोमागं साधारण दोन लाखांच्या वर अंडी असतात. त्यातली बहुतेक वाया जाणार हे धरूनच निसर्गानं आकडा एवढा ठेवलाय. मादी अंडी टाकायच्या आधी बंधाऱ्याखाली पोत्यात गेली तर तो सगळा आकडा शून्यावर येतो. आठवडाभर थांबून तीच मादी उतरणीला धरली असती तरी खाणाऱ्याचं काही गेलं नसतं.

समुद्रात यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, कारण हा प्रजननाचा काळ. बंदरावर ती बऱ्यापैकी पाळली जाते, त्यावर बातम्या होतात, दंड होतात. नदीचा मासा त्याच दिवसांत अंड्यावर असतो आणि त्याच दिवसांत काठावरच्या बाजारात गाभोळीच्या माशाला किलोमागं जादा भाव मिळतो.