हिरवा दगड, लाल जांभा आणि तांब्याची अफवा

मुंबईतल्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सह्याद्रीतला हिरवा दगड म्हणजे तांबं. धुवाधार पावसात वरचं तांबं विरघळून खाली साठतं, म्हणून लाल जांभ्याखाली तांब्याची खाण असतेच.’ मधल्या विधानात थोडं तथ्य आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीची दोन खपतात.

आधी हिरवा रंग. कांदिवली-मालाडच्या दगडखाणींतलं फिकट हिरवं प्रेहनाइट संग्राहकांना चांगलं माहीत आहे. ते कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं सिलिकेट, त्यात तांब्याचा संबंध नाही. बेसॉल्टच्या पोकळ्यांना आतून लिंपलेला गडद हिरवा थर बहुतेकदा सेलाडोनाइटचा असतो आणि त्याचा रंग लोहामुळे येतो. मॅलाकाइट हे तांब्याचं हिरवं खनिज खरं, पण नुसत्या रंगावरून ते ठरवता येत नाही.

आता पाऊस. नुसत्या पाण्यात तांबं फारसं विरघळत नाही, त्याला आम्ल लागतं. ते आम्ल पुरवतं पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज. हवा-पाणी लागलं की त्यातून गंधकाम्ल तयार होतं, मग चॅल्कोपायराइटमधलं, म्हणजे तांबं-लोह-गंधकाच्या खनिजातलं, तांबं मोरचुदाच्या द्रावणासारखं सुटून खाली झिरपतं. भूजल पातळीखाली ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथे ते जुन्या सल्फाइडांतल्या (गंधकयुक्त खनिजांतल्या) लोहाची जागा घेतं आणि चॅल्कोसाइट हे तांबं-गंधकाचं खनिज बनतं. चॅल्कोपायराइटमध्ये तांबं सुमारे ३५ टक्के, चॅल्कोसाइटमध्ये जवळपास ८०. एवढं सगळं खरं आहे. पण पायराइट कमी असेल किंवा आजूबाजूला चुनखडक असेल, तर आम्ल तिथेच मरतं आणि तांबं फार लांब जात नाही. चुनखडकात ते मॅलाकाइट होऊन अडकतं, एरवी लोहाच्या व मँगनीजच्या ऑक्साइडांना आणि चिकणमातीला चिकटतं. ब्राझीलमधल्या काराजासच्या वर्षावनात, सालोबोच्या साठ्यावर, कुजलेल्या अभ्रकातच तांबं धरून राहिलेलं आढळतं. पाऊस तिथे काय कमी आहे?

उलट समृद्ध चॅल्कोसाइटचे सर्वात मोठे थर चिलीच्या आटाकामा वाळवंटात आहेत. ते तयार होताना थोडा पाऊस होता. नंतर, साधारण दीड कोटी वर्षांपूर्वीपासून, हवामान अतिकोरडं झालं आणि थर झिजून न जाता टिकले.

राहिला जांभा. माथेरानचा जांभा बेसॉल्ट कुजून झाला आहे आणि त्याच्याखाली बेसॉल्टच आहे. त्यात तांबं असतं, पण दहा लाखांत शंभर-दोनशे भागांच्या आसपास. एक टक्का तांबं असलेलं धातुक (धातू काढण्याजोगा खडक) म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. शिवाय आम्ल पुरवणारा सल्फाइडांचा साठाही तिथे नाही. धातुकावरची लोहटोपी, म्हणजे सल्फाइडं कुजून वर उरलेला लोहाचा थर, दिसायला लाल-तपकिरीच असते, पण तिच्यात विरघळून गेलेल्या सल्फाइडांच्या चौकटीदार पोकळ्या शिल्लक राहतात. भूवैज्ञानिक त्या शोधतात, तिचं रासायनिक पृथक्करण करतात आणि मगच ड्रिलिंगचा विचार करतात. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडला तांबं आहे ते ग्रॅनाइटी खडकातल्या क्वार्ट्झसोबत. तो खडक सह्याद्रीचा बेसॉल्ट ज्यातून झाला त्या दख्खनच्या लाव्ह्याहून शेकडो कोटी वर्षांनी जुना आहे.