मेहुण्याचे कंत्राट आणि मेहुण्याचा घटस्फोट

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातल्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. सार्वजनिक जीवनात उतरलेल्या माणसाला खासगी आयुष्य उरत नाही, कायदाही तेच सांगतो, यावर आक्षेप घेणारा भ्रष्टांना पाठीशी घालतो आणि पत्रकार चुकलाच तर प्रेस कौन्सिल आहेच, असे त्याचे म्हणणे आहे.

कायदा नेमके उलटे सांगतो. तमिळनाडूतील ‘नक्कीरन’ साप्ताहिकाच्या १९९४ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, संमतीशिवाय कोणाच्या कुटुंब, विवाह, अपत्ये यांविषयी लिहिणे, मग ते खरे असो वा खोटे, स्तुतीचे असो वा टीकेचे, खासगीपणाचा भंग ठरते. सार्वजनिक नोंदींवर आधारलेला मजकूर मात्र छापता येतो, आणि जो स्वतःहून वाद ओढवून घेतो त्याची गोष्ट वेगळी असू शकते, हेही तिथेच नोंदवले आहे. पुढे २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. त्यात निवडून आलेल्यांना वगळलेले नाही.

भ्रष्टांना संरक्षण मिळते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यामागची भीतीही खोटी नाही. आमदारांविषयीच्या लेखनावरून कर्नाटक विधानसभेने जून २०१७ मध्ये दोन संपादकांना प्रत्येकी एक वर्षाचा तुरुंगवास ठोठावला होता. पण वर सांगितलेल्या १९९४च्या निकालानेच वृत्तपत्रांच्या हातीही ढाल दिली आहे. अधिकाऱ्याच्या कर्तव्याशी संबंधित वर्तनाविषयी लिहिलेला मजकूर चुकीचा निघाला, तरी सत्याची बेफिकीर अवहेलना झाल्याचे सिद्ध झाल्याखेरीज त्याला भरपाई मागता येत नाही. सरकारला किंवा महानगरपालिकेला तर बदनामीच्या भरपाईचा दावाच लावता येत नाही. उमेदवाराने स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता आणि गुन्हेगारी खटले शपथपत्रात जाहीर करायचे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३च्या निकालांनी मतदाराच्या पदरात टाकले आहे. म्हणजे गटारीचे कंत्राट नगरसेवकाच्या मेहुण्याला मिळाले असेल, तर ते नाते बातमीत आलेच पाहिजे. त्या मेहुण्याचा घटस्फोट मात्र तिथे कशाला हवा? सीमाप्रश्नावर सभागृहात कोण काय बोलला, यापेक्षा कोणाची सून माहेरी गेली याची चर्चा जास्त रंगते, हे आपल्याकडचे दुखणे आहे खरे, पण वाचकाला रस वाटला म्हणून ती गोष्ट लोकहिताची होत नाही.

मुलीच्या लग्नाचे फोटो नेता स्वतःच टाकतो, मग तक्रार कसली, असाही एक टोमणा त्या मजकुरात आहे. लग्नाच्या जेवणाला अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिले, म्हणून पाहुण्याने माडीवरच्या खोलीचे दार ढकलायचे नसते. शिवाय फोटो बापाने टाकला, निवडणूक बापाने लढवली. ज्या मुलीचे पुढे दवाखान्याबाहेर चित्रीकरण होते, तिने यातले काहीच केलेले नसते.

राहिली प्रेस कौन्सिल. १९७८च्या कायद्यानुसार ती वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते किंवा निषेध नोंदवू शकते; दंड ठोठावण्याचा अधिकार तिला नाही. वृत्तवाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत, त्यामुळे त्या दवाखान्याबाहेर उभ्या राहणाऱ्या कॅमेऱ्याविरुद्ध तिच्याकडे दाद मागण्यात काही अर्थ नाही.