चित्राला कामाला लावू नका

रविवारी बँकेतल्या रिटायर मंडळींच्या ग्रुपवर मी आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं एक चित्र टाकलं. वॉटरकलर, पाव इम्पिरियल आकाराचा कागद, पाण्यातला दगडी संध्यामठ आणि मागं थोडं आभाळ, बास. दहा मिनिटांत पाच मेसेज. "वा मॅडम, प्रदर्शन कधी?" "क्लास सुरू करा, उन्हाळ्यात पोरं येतील." "छान, स्ट्रेस कमी होतो म्हणे याने." एकानं तर भाव विचारला, चित्राचा. चेष्टेत असेल, पण विचारला. सगळी चांगली माणसं आहेत, तीस तीस वर्षं एका काउंटरमागं बसलोय आम्ही, राग आला असं नाही, पण काहीतरी टोचलं आणि ते काय टोचलं ते आज सकाळी भांडी लावताना कळलं म्हणून लिहितीय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

मी सातवी-आठवीत सारखी चित्रं काढायचे. वहीच्या मागच्या पानांवर, किराण्याच्या पुड्याच्या कागदांवर, अंगणात खापरीनं, कुठंही. दिवाळी अंकांवर दलाल आणि मुळगावकर या चित्रकारांची मुखपृष्ठं यायची, आत्याच्या घरी जुन्या अंकांचा गठ्ठाच होता, त्या बायकांचे डोळे आणि नथी बघून बघून काढायचे. मग शाळेनं 1978 साली एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसवलं. ज्यांनी दिलीय त्यांना सांगायला नको. वस्तुचित्रात बादली आणि तांब्या, आणि त्या तांब्याचं तोंड काही केल्या नीट लंबगोल यायचं नाही. संकल्पचित्रात पोस्टर कलर दह्यासारखा घट्ट कालवून डाग न पडता भरायचा. भूमितीत शाई सांडायची. आणि स्मरणचित्र! नावच बघा, स्मरणचित्र, आणि आम्ही ते पाठ करून जायचो. विषय बाजार येवो, पाणवठा येवो नाहीतर एसटी स्टँड, कागदाच्या डाव्या बाजूला एक झाड, पुढं पाठमोरी बाई डोक्यावर काहीतरी घेऊन, उजवीकडं एक पटकेवाला उकिडवा बसलेला, लांब दोन बारकी माणसं. पाणवठा असेल तर पटकेवाल्याच्या जागी घागर. सगळ्या वर्गाचं झाड एकच होतं, ड्रॉइंगच्या सरांचं.

सर चांगले होते हं. शाळेचा निकाल चांगला लागायचा आणि त्यांना तेवढंच बघायला सांगितलेलं होतं.

मला बी ग्रेड मिळाली. पुढं इंटरमिजिएट, तिथंही बी. मग दहावी आली आणि कॅमलची रंगपेटी माळ्यावर गेली. इथं लोकांना वाटतं की आता वडिलांनी कसे कागद फाडले ते सांगणार. कुणी काही फाडलं नाही. कुणी नको म्हणालं नाही. ती पेटी मीच वर ठेवली, दहावी झाल्यावर काढू म्हणून, आणि मग अकरावी, बी.कॉम., बँकेची परीक्षा, लग्न. विरोध असता तर निदान भांडले तरी असते.

पण गंमत अशी की हात कधी रिकामा राहिलाच नाही. "हिचं ड्रॉइंग चांगलं आहे" एवढं एकदा लोकांना कळलं की झालं. दिवाळीत ब्रँचच्या दारातली रांगोळी माझी. नोटीस बोर्डावर वळणदार अक्षरात 'सुस्वागतम्', कुणी मोठे साहेब येणार असले की. नणंदांच्या लग्नात मेंदी माझी. दोन मुलांचे मिळून शाळेचे किती तक्ते काढले असतील, सूर्यमाला, पचनसंस्था, पाणी वाचवा, झाडे लावा, रात्री साडेअकरा वाजता, आणि सकाळी पोरगं म्हणणार, "आई, शनीची कडी राहिली." पंचवीस-तीस वर्षं मी चित्रं काढतच होते की, फक्त एकही माझं नव्हतं. शाळेत ग्रेडसाठी, बँकेत साहेबासाठी, घरात तक्त्यासाठी. आमच्या वेळी निदान सर्टिफिकेटवर भागायचं, आता इंटरमिजिएटचे दहावीला वाढीव मार्क मिळतात, म्हणजे आता तर चित्राला सरळ नोकरीलाच लावलंय. आणि आता साठीला आल्यावर त्याच चित्रानं माझा स्ट्रेस कमी करायचा, नाहीतर प्रदर्शन भरवायचं. त्याला नुसतं बसू द्या की जरा.

आता हे परत सुरू कसं झालं ते सांगते, कारण ते काही "छंद जोपासा" वगैरे वाचून झालेलं नाही.

दीड महिन्यापूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटांचं काम, भीतीच जास्त. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, घरी आले, हॉलमध्ये बसले आणि मुलाला विचारलं की भिंतीला रंग कधी दिला? तो बघायलाच लागला माझ्याकडं. रंग दिलाच नव्हता. मग मी एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं. उजव्यानं भिंत पांढरी, किंचित निळसरच, आणि डाव्यानं तीच भिंत चहाचं फडकं पिळल्यासारखी. अर्धा तास मी नुसती डोळे झाकत-उघडत बसले होते, सुनेला वाटलं त्रास होतोय.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि ते निळा उजेड अडवतं. हे इतकं हळू होतं की आपल्याला कळतच नाही, मेंदू जुळवून घेतो. भिंग बदललं की निळा एकदम परत येतो. मोने नावाचा फ्रेंच चित्रकार, ज्यानं कमळांच्या तळ्याची एवढी चित्रं काढली, त्याचंही 1923 साली हेच ऑपरेशन झालं होतं आणि त्यालाही नंतर रंग वेगळे दिसायला लागले. म्हणजे मी किती वर्षं पिवळ्या काचेतनं जग बघत होते कुणास ठाऊक. साड्या घेतल्या, भिंतींचे रंग निवडले, सगळं त्यातनंच. ती एक मोरपंखी साडी मी हिरवी समजून घेतली होती, आता कळलं दुकानदार का हसला.

थेंब टाकायचे दिवस संपले, डॉक्टरांनी बाहेर फिरायला हरकत नाही म्हटलं, त्या दिवशी रंकाळ्यावर गेले. पावसाळा संपून आभाळ धुतल्यासारखं होतं. आणि ते निळं बघून मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर नाव. प्रशियन ब्लू. चाळीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. मग पाढ्यासारखी सगळीच आली, क्रिमझन लेक, गॅम्बोज, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, सॅप ग्रीन. घरी न जाता तशीच रिक्षानं दुकानात गेले आणि ट्यूबा, दोन ब्रश, कागद घेतला. माळ्यावरची पेटी कधीच भंगारात गेली असणार, शोधलीही नाही.

पहिलं चित्र वाईट. कागद पाण्यानं पापडासारखा फुगला. तेही चालेल, पण काढून झाल्यावर बघते तर डाव्या बाजूला झाड! संध्यामठासमोर, जिथनं मी बघत होते तिथनं, डावीकडं झाड नाहीच. सरांचं झाड. एवढी वर्षं कुठं लपून बसलं होतं आणि हाताला बरोबर सापडलं. मी एकटीच हसले, शेजारी भेळ खाणारी पोरं सरकून बसली. आता पेन्सिल हातात घ्यायच्या आधी स्वतःला विचारते, समोर आहे का हे, का पाठ आहे?

रंकाळ्याच्या कट्ट्यावर चित्र काढणं म्हणजे सार्वजनिक कार्यक्रमच. एक आजोबा विचारून गेले, "महापालिकेतनं आलाय का? सर्व्हे आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांनी तरीही पाण्याची तक्रार सांगितली. एक छोटी म्हणाली, "पाणी हिरवं आहे, तुम्ही निळं का केलं?" बरोबर होतं तिचं, आभाळाच्या नादात मी पाणीही निळं केलं होतं. याच गावात चित्रकार आबालाल रहिमान राहायचे, टाउन हॉलच्या म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत, मी शाळेच्या सहलीत बघितली होती आणि तेव्हा तलवारींकडं जास्त लक्ष होतं. मागच्या आठवड्यात परत जाऊन उभी राहिले. त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही, जा आणि बघा.

आता सध्या माझं काय चाललंय ते. डावा डोळा अजून जुनाच आहे. म्हणजे माझ्याकडं आत्ता दोन रंकाळे आहेत. म्हटलं दोन्ही काढू. तर डाव्या डोळ्यानं बघून चित्र काढलं आणि उजवा उघडून पाहिलं तर चित्र पिवळं नाहीच, साधं नेहमीसारखं. दोन कागद वाया गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला की त्या डोळ्याला रंगाची ट्यूबही पिवळीच दिसते, मग जमेला जमा, खर्चाला खर्च, बाकी शून्य. बँकेत जन्म गेला आणि हे कळायला दोन कागद लागले! आता मी डाव्यानं बघते, मग डावा झाकते आणि जे लक्षात राहिलं ते उजव्यानं रंगवते. खरंखुरं स्मरणचित्र. पाठ करता येत नाही, कारण डोळा बदलला की दहा सेकंदात ते पिवळं मनातनं पुसट व्हायला लागतं, मग परत बघायचं. लांबचं बघायला चष्मा काढायचा, कागदाकडं बघायला घालायचा, हा व्याप वेगळाच.

ग्रुपवर टाकलं ते उजव्या डोळ्याचं होतं. डाव्याचं अजून जमलेलं नाही, पिवळा जास्त होतोय, वरण सांडल्यासारखं दिसतंय. यलो ऑकरमध्ये किंचित बर्न्ट सिएना घालून बघायचंय.

डाव्याचं ऑपरेशन मंगळवारी आहे. मध्ये तीन सकाळी आहेत. आभाळ भरून आलंय मेलं आत्ता नेमकं.