यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलच्या जाम बोल्टांबद्दल गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

दोन स्टार दिलेत, ते तुमच्या मर्जीचं. पण तुम्ही लिहिलंय, 'नुसते बोल्ट काढायलाच दोन आठवडे लावले, त्याची मजुरी वेगळी घेतली, वर एक बोल्ट तोडला. यूट्यूबवर स्प्रे मारून दोन मिनिटांत निघतात.' इंदूरमधले बाकीचे आरएक्सवालेही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी कित्येक पावसाळे अंगणात उभी होती. इंजिनची बॉडी ॲल्युमिनियमची, स्क्रू लोखंडी. मध्ये ओल शिरली की आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू तिथेच चिकटतो. तुमच्या क्लच कव्हरचा पहिला स्क्रू निघाला तेव्हा आट्यांत चुना भरल्यासारखा दिसत होता. स्प्रे आमच्याकडेही आहे, पण तो आत झिरपायला वेळ लागतो. मारला आणि लगेच पाना लावला, तर डोकं तेवढं गोल होतं. त्यात हे स्क्रू जपानी मापाचे. साधा फुलीचा पेचकस त्यातून वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो.

म्हणून आधी तेल, मग हीट. हीट स्क्रूला नाही, भोवतीच्या बॉडीला, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुलतं. (टाकी आणि कार्बोरेटर आधी उतरवून, हे सांगायला नकोच.) मग इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोकला की फिरणारा पेचकस) लावून हातोडी. आधी किंचित आवळायचं, 'कट' असा आवाज आला की मग उलटं फिरवायचं. स्विंग आर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, पिनेने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. रोज तेल सोडायचं आणि टोकावर नट तसाच ठेवून ठोकायचं, म्हणजे आटे चेपत नाहीत.

आता 'तोडलेला' बोल्ट. त्याचं डोकं आम्ही मुद्दाम ड्रिलने उडवलं, आणि त्याआधी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही 'करा' म्हणालात. डोकं गेलं की कव्हर सुटतं, ताण जातो, आणि बाहेर राहिलेला तुकडा पकडीने फिरवता येतो. चेंबरचे, म्हणजे इंजिनच्या बॉडीचे, आटे शाबूत राहिले. स्क्रू इथल्या सियागंज बाजारात मिळेल. १९९६ला बंद झालेल्या गाडीचं चांगलं चेंबर कुठून आणायचं?

मजुरीचं म्हणाल, तर जॉबकार्डवर 'जाम बोल्टची मजुरी वेगळी' असं गाडी घेतानाच लिहिलं होतं. खाली सही तुमचीच आहे.

निघालेले स्क्रू डब्यात ठेवलेत, हवे तर न्या. नवे ग्रीस लावून बसवलेत. ५०० किलोमीटर झाले की सकाळी, इंजिन थंड असताना गाडी आणा. हेडचे नट तपासून देऊ, त्याचे पैसे नाहीत. रविवारी मात्र गॅरेज बंद असतं.