स्टुटगार्टचा भय्या

२०२५च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, तेव्हा गिरगावातल्या आमच्या चाळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप रात्री दोनपर्यंत जागा असायचा. २९ जूनला सरकारने दोन्ही जीआर मागे घेतले, त्यावर मीही अंगठा दिला. मग मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीवरून थोबाडीत मारल्याचा व्हिडिओ आला. त्यालाही तेवढेच अंगठे पडले. माझा मात्र अडला, कारण तो व्हिडिओ मी जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये सिग्नलला सायकलवर बसून पाहत होतो आणि पाठीवर लोकांच्या जेवणाची चौकोनी बॅग होती.

इथे भय्या मी आहे.

मास्टर्सला आलो. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असं ऐकून येणाऱ्याची स्टुटगार्टच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात पहिली फसगत होते, कारण युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्हणून सायकल आणि बॅग. दार उघडतं, हात बाहेर येतो, दार बंद. नाव विचारायचं कुणाला काय पडलंय? घरी दूधवाला, भाजीवाला, इस्त्रीवाला, सगळे आमचे ‘भय्या’च. ज्याने माझे शाळेपासूनचे शर्ट कडक केले त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही, आणि हे मला इथे येईपर्यंत कधी खटकलंही नव्हतं.

म्हणून मराठीचा आग्रह सोडला का? नाही. उलट तो इथे पक्का झाला, फक्त त्याची दिशा बदलली.

इथे राहण्याच्या परवान्याच्या सरकारी ऑफिसात खिडकीपलीकडच्या बाईंना माझं इंग्रजी कळत होतं, पण त्या जर्मनच बोलत राहिल्या. मी चडफडलो. मग आठवलं, बँकेत ‘मराठीत बोला’ म्हणून मीही असाच अडून बसलो होतो. पण याच देशात गावोगावी प्रौढांसाठी फोल्क्सहोखशूले आहेत, कामावरून सुटल्यावर तिथे भाषा शिकता येते. स्थलांतरितांसाठीच्या सरकारी अभ्यासक्रमात तर साधारण ६०० तासिका नुसत्या भाषेच्या. मागायचं असेल तर आधी शिकवायची सोय करा, एवढा साधा हिशेब. (इथले लोक फार उदार आहेत असंही नाही. फोनवर माझं आडनाव ऐकलं की खोली ‘आत्ताच गेलेली’ असते.)

मला खरी भाषा शिकवली ती समोरच्या आजींनी, जिन्यावर. या भागात ‘केअरवोखे’ असते. दारावर पाटी लटकली की आठवडाभर जिना आपण झाडायचा. चाळीतला जिना मी जन्मात झाडला नव्हता. त्याला माणूस होता. पहिल्याच आठवड्यात मी विसरलो. आजी बादली घेऊन आल्या. ओरडतील असं वाटलं, तर त्यांनी फडका वर धरला आणि म्हणाल्या, ‘डेअर लाप्पेन.’ मी चुकीचा म्हटला, त्यांनी पुन्हा म्हणायला लावला. माझं मोडकंतोडकं जर्मन ऐकताच इंग्रजीवर उडी न मारणारं पहिलं माणूस ते.

आपण मात्र नेमकी तीच उडी मारतो, हिंदीवर. ‘मुंबईत राहायचं तर मराठी आलं पाहिजे’ असं ग्रुपवर लिहायचं आणि टॅक्सीत बसल्याबसल्या ‘भैया, ग्रँट रोड चलो’ म्हणायचं. समोरच्याने मराठी ऐकायची तरी कुठे? थोबाडीतून भाषा आत जाते का?

डिसेंबरात घरी गेलो तेव्हा ठरवून इस्त्रीवाल्याशी मराठीत बोललो. तीन दिवस तो हिंदीतच उत्तर देत राहिला, मीही हटलो नाही. चौथ्या दिवशी त्याने मान वर न करताच सांगितलं, ‘उद्या या.’ मी वर येऊन बाबांना मोठ्या कौतुकाने हे सांगितलं.

बाबा म्हणाले, ‘ते ठीक आहे. शर्ट कुठाय?’